बेचाळीस नंबरची रिकामी जागा

चावीमावशी खोटं बोलते असं कुणी म्हटलं की तिच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा. "खोटं नाही हो, बंदोबस्त!" ती ठणकावून सांगायची. आणि तिचं तरी काय चुकत होतं? अडीचशे कबरी, एक नळ, एक झाडू आणि सांभाळायला एकटी बाई. भिंत इतकी बुटकी की शेळीनेसुद्धा परवानगी न विचारता आत यावं. राखणदार ठेवा, भिंत वाढवा, असं चर्चच्या कमिटीला सांगून सांगून मावशीच्या जिभेला घट्टे पडले. कमिटी म्हणायची, बघू. कमिटीचं बघणं तुम्हाला माहीत आहे. मग मावशीने राखणीला गोष्टी ठेवल्या.

आता ती गुलाबाची वेल घ्या. फाटकापासून तिसऱ्या रांगेत एका झिजलेल्या दगडावर ती वेल चढली होती, आणि येणारा-जाणारा हात घालून फुलं ओरबाडायचा. मावशीने एका सकाळी दोन बायकांना हळू आवाजात सांगितलं की ही कबर एका नवरीची. लग्नाच्या आदल्या दिवशी गेली बिचारी. तिचं फूल जो तोडेल त्याच्या घरातलं ठरलेलं लग्न मोडतं. झालं! आठ दिवसांत गावभर. फुलं वेलीवरच सुकायला लागली. वहीत पाहाल तर तिथे कोण आहे? एक शिंपी, वय वर्षे ऐंशी, सहा नातवंडं. फक्त एकदा एक मुलगी येऊन ओंजळभर फुलं तोडून घेऊन गेली, आणि मावशीने हटकलं तर म्हणाली, "तोडू द्या हो मावशी, घरच्यांनी माझं भलत्याशीच ठरवलंय."

नळाचंही तसंच. लोक फुलदाण्या भरायचे आणि नळ तसाच सोडून जायचे. नळाचा जुना पाइप एका बोटीवरच्या कप्तानाच्या कबरीखालून गेला होता आणि पाणी सोडलं की खालून गुडगुड आवाज यायचा. मावशीने सांगितलं, कप्तान बुडून मेला, नळ वाहता राहिला की त्याच्या नाकातोंडात पाणी जातं. तेव्हापासून लोक नळ इतका घट्ट पिरगाळायला लागले की वर्षातून दोनदा त्याचा वायसर बदलावा लागायचा.

पण मावशीची सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे संगमरवरी देवदूत. मधल्या चौकात उभा, पंख पसरलेले, उजवा हात वर, आणि त्या हाताचं एक बोट गायब. बोट कसं गेलं? मावशीच्या नवऱ्याने शिडी फिरवताना ती मागे बघितली नाही, म्हणून गेलं. कबर खोदण्यात त्या माणसाचा हात धरणारा कुणी नव्हता, पण शिडी हातात आली की तो आंधळा व्हायचा. दुसऱ्या दिवशी कमिटीची माणसं पाहणीला यायची होती. नवरा डोक्याला हात लावून पायरीवर बसला. मावशी म्हणाली, "तुम्ही गप्प राहा. तेवढं एक तुम्हाला चांगलं जमतं." आणि कमिटीला तिने सांगितलं की काल एक वकील या देवदूतासमोर उभा राहून भावाच्या जमिनीबद्दल धडधडीत खोटी शपथ वाहून गेला. त्याची पाठ वळली मात्र, बोट आपोआप खाली पडलं.

कमिटीने क्रूसाची खूण केली. पुढे तर कहरच झाला. गावातल्या बायका आपापल्या नवऱ्यांना तिथे आणून उभं करायला लागल्या. "बोला आता, परवा कुठे होतात?" बघता बघता त्या देवदूतासमोर इतकं खरं बोललं गेलं की दोन संसार मोडले आणि एक जुळला. मावशी स्वतः मात्र गोष्टी सांगताना त्या चौकात कधी थांबायची नाही. आपणच रचलेलं, पण उगाच कशाला?

मावशीचा नवरा म्हणजे गावाचा कुदळकाका. महिन्याकाठी दहा वाक्यं बोलणारा माणूस. मावशी बोलायची, तो खोदायचा. अशी त्यांनी कामं वाटून घेतली होती. फाटकाला लागून त्यांची एक खोली होती. त्याला चहा हवा असला की तो चाव्यांचा जुडगा खिडकीच्या दगडावर तीनदा वाजवायचा. टक टक टक. मावशी आतून ओरडायची, "आलेच!" आणि यायची अर्ध्या तासाने, कारण फाटकाशी कुणीतरी भेटलेलं असायचं आणि कुठली तरी गोष्ट ऐन रंगात आलेली असायची. त्याने कधी कटकट केली नाही. चहा गार झाला तरी प्यायचा.

त्या दिवशीही टक टक टक झालं. मावशी चौकाच्या अलीकडे पाहुण्यांना वकिलाची गोष्ट सांगत होती. "आलेच!" ती ओरडली. गोष्ट संपवली, त्यांचे प्रश्न संपवले, मग गेली. नवरा खिडकीखाली भिंतीला टेकून बसला होता, चाव्या हातात, मान एका बाजूला. डॉक्टर म्हणाले, पाच मिनिटांत गेला असेल, तुम्ही असता तरी काही झालं नसतं. डॉक्टरांचं बोलणं खरं असेलही. पण मावशीला ते वीस मिनिटांचं "आलेच" पुरून उरलं. ते तिने कुणाला सांगितलं नाही. एवढी बोलकी बाई, पण तेवढं एक तिच्या घशाखाली उतरलं नाही आणि वरही आलं नाही.

नवऱ्याला मिळाली एकेचाळीस नंबरची जागा, मागच्या भिंतीजवळ.

आता तिथला नियम सांगायला हवा. त्या कबरस्तानात जागा राखून ठेवता येत नसे. श्रीमंत असो की गरीब, ज्या क्रमाने माणूस जाईल त्या क्रमाने रांगेतली पुढची जागा. जुन्या फादरांनी भांडणं मिटवायला हा नियम घातला होता आणि मावशी तो अगदी कडक पाळायची. कुणी म्हणालं, आम्हाला सावलीतली द्या, तर म्हणायची, "हे काय थिएटर आहे?" पण एकेचाळीसमध्ये नवरा गेल्यावर तिच्या लक्षात आलं की बेचाळीसमध्ये आता पुढचा जो मरेल तो येणार. कुणीतरी परका त्याच्या शेजारी कायमचा, आणि आपण कुठेतरी शंभर पावलं लांब. त्या विचाराने तिला दोन रात्री झोप लागली नाही.

तिसऱ्या दिवशी बेकरीवालीची सासू गेली.

बेकरीवाली जागा बघायला आली तेव्हा मावशीने तिला बाजूला घेतलं. "तुझ्या सासूबाईंना शांत झोप मिळावी असं वाटतं ना गं तुला?" बेकरीवालीला तसं काही विशेष वाटत नव्हतं, पण ती हो म्हणाली. "मग बेचाळीस नको. ती जमीन बरी नाही. तिथे काही टिकत नाही, कुणी निजत नाही. मागे एकाला ठेवलं होतं, रात्रंदिवस आतून ठोकायचा. शेवटी हलवला तेव्हा कुठे गप्प झाला." सासूने जिवंतपणी काय कमी ठोकाठोक केली होती! बेकरीवालीच्या तोंडचं पाणीच पळालं. सासू त्रेचाळीसमध्ये गेली. त्यानंतर सतरा वर्षं माणसं जात राहिली, रांग पुढे सरकत राहिली, आणि बेचाळीस नंबर तसाच राहिला. मावशी तिथे झाडू मारायची, कडेने झेंडू लावायची आणि मनात म्हणायची, असू दे, चांगली आहे जागा.

मग नवे फादर आले.

तरुण, चष्मेवाले, आणि खिशात जपमाळ असो नसो, मोजायची टेप हमखास. आल्या आल्या त्यांनी सगळं कबरस्तान मोजलं. पाण्याची टाकी बसवायची होती. एका नळावर किती दिवस काढणार? टाकीला रिकामी जागा हवी. वहीवरून बोट फिरवत ते थांबले. "मावशी, बेचाळीस नंबर रिकामा?"

"ती जागा बरी नाही, फादर," मावशी सवयीने बोलून गेली.

"कळलं ते. कमिटीनेही तेच सांगितलं. कुणालाच नको म्हणतात." फादरांचा चेहरा उजळला. "मग टाकीसाठी उत्तमच की!"

घ्या! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सतरा वर्षं जी थाप राखणीला बसवली, तीच उलटून अंगावर आली. नवऱ्याच्या शेजारी सिमेंटची टाकी! आणि आपण मेल्यावर कुठे, तर दोनशे सत्तावन्नमध्ये, पार फाटकाच्या त्या टोकाला. एकदा उशिरा पोचलो. आता कधीच पोचायचं नाही का?

रात्रभर विचार करून सकाळी मिस्सा संपल्यावर मावशी पापकबुलीला गेली. तिचा हिशेब साधा होता. फादरांना खरं सांगायचं म्हणजे टाकी आपोआप रद्द.

"फादर, मागची कबुली पंधरा दिवसांपूर्वी दिली," जाळीला तोंड लावून ती म्हणाली, "पण हे पाप सतरा वर्षांचं आहे. तेव्हा पाप वाटलं नव्हतं, बंदोबस्त वाटला होता." आणि मग तिने सगळं ओतलं. बेचाळीस नंबर, ठोकणारा माणूस, नवरीच्या जागी शिंपी, कप्तानाच्या जागी पाइप, आणि एकदा सुरुवात झालीच आहे म्हणून देवदूताचं बोट आणि शिडीसुद्धा. जाळीपलीकडून मध्ये मध्ये खोकल्यासारखा आवाज येत होता. फादरांना सर्दी झाली असावी असं तिला वाटलं.

"आणखी काही?" शेवटी फादरांनी विचारलं.

"एवढं पुरे नाही का?"

फादरांनी प्रार्थना सांगितल्या आणि वर एक अट घातली, "यापुढे एकही नवीन गोष्ट रचायची नाही." मावशीने कबूल केलं आणि हलकी होऊन घरी आली.

दुपारी पाहते तो काय, फादर आणि गवंडी बेचाळीस नंबरवर चुन्याच्या रेघा मारतायत!

मावशी झाडू घेऊन धावली. "फादर! अहो, सकाळी सांगितलं ना तुम्हाला?"

फादरांनी चष्म्यातून तिच्याकडे पाहिलं. "काय सांगितलं?"

"असं काय करता? ते... जाळीतून!"

"मावशी," फादर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "जाळीतून जे येतं ते देवापाशी जातं. माझ्यापाशी राहत नाही. त्यावरून मी टेप इकडची तिकडे करू शकत नाही, की कमिटीला अवाक्षर सांगू शकत नाही. माझी जीभ बांधलेली आहे. तुमची नाही. रविवारी कमिटी बसतेय, तिथे स्वतःच्या तोंडाने सांगा."

म्हणजे पाप माफ झालं आणि टाकी कायम राहिली! मावशीला वाटलं, आधी कमिटीकडे जायला हवं होतं, देव कुठे पळून जात होता?

रविवारी चर्चशेजारच्या खोलीत कमिटी बसली. अध्यक्ष म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. अजूनही टेबलावर पट्टी आपटल्याशिवाय त्यांना बोलता येत नसे. शेजारी बेकरीवाली, पलीकडे फादर, आणि मागे हौशे-नवशे बाकांवर. मावशी उभी राहिली, पदर खोचला आणि म्हणाली, "बेचाळीस नंबरमध्ये काही दोष नाही. ती गोष्ट मी रचली. मला ती जागा हवी होती, आमच्या ह्यांच्या शेजारी."

तिला वाटलं होतं आरडाओरडा होईल. झाला नाही. सगळ्यांनी तिच्याकडे फार कनवाळूपणे पाहिलं.

"बसा, मावशी," मास्तर म्हणाले. "पाणी घ्या."

"अहो, मी खोटं बोलले म्हणतेय!"

"बघा, कशी बोलतेय," बेकरीवाली मास्तरांच्या कानात कुजबुजली, पण तिचं कुजबुजणं भट्टीपर्यंत ऐकू जायचं. "त्या जागेनेच धरलंय हिला. स्वतःकडे ओढतेय."

"कुणी धरलं नाही मला! मेले, तिथे काहीसुद्धा नाही!"

"काही नाही?" आता बेकरीवाली उठली. "मावशी, तुम्ही एकट्या राहता, घाबराल म्हणून इतकी वर्षं सगळ्यांनी तुमच्यापासून लपवलं. आज सांगतेच. मी या कानांनी ऐकलंय. बेकरी बंद करून भिंतीपलीकडच्या वाटेने जाते ना रोज, तेव्हा. दिवेलागणीची वेळ. आधी दगडावर ठोकतं. टक टक टक."

"तीनदाच," मास्तर मान डोलावत म्हणाले. "मीही ऐकलंय. मोजलंय."

"आणि मग बाईचा आवाज येतो," बेकरीवालीच्या अंगावर खरोखरच काटा आला होता. "काय काय पुटपुटते, रागावते, मध्येच रडवेली होते. आणि शेवटी म्हणते, 'आलेच हं. आलेच.' आता तुम्हीच सांगा, कबरीतून कुणी 'आलेच' म्हणालं तर थांबायचं की पळायचं?"

मावशीच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला.

रोज दिवेलागणीला फाटक लावायच्या आधी मावशी मागच्या भिंतीशी जायची. पत्र्याचा डबा उपडा घालून बेचाळीस नंबरवर बसायची आणि चाव्यांचा जुडगा नवऱ्याच्या दगडावर वाजवायची, जसा तो खिडकीवर वाजवायचा. मग दिवसभरातलं सगळं त्याला सांगायची. कोण आलं, कोण गेलं, नळ कसा गळतोय, तुम्ही असता तर दोन मिनिटांत केला असता. आणि उठताना, गुडघे धरून, "आलेच हं" म्हणायची. सतरा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. आपला आवाज भिंतीपलीकडे जातो हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"ती मी आहे," मावशी म्हणाली.

"कोण?"

"ती बाई. ते ठोकणं. मीच."

"बघा!" बेकरीवाली म्हणाली. "अंगातच आलंय!"

आता काय करावं? खोटं बोलत होती तेव्हा सगळं गाव विश्वास ठेवत होतं. खरं बोलली तर पाण्याचा पेला पुढे करतात. मास्तरांनी पट्टी आपटली आणि टाकीचा विषय मताला टाकायला घेतला. तेवढ्यात बेकरीवालीलाच सुचलं. "एवढं खरं आहे ना? मग चला देवदूतासमोर. तिथे बोला!"

मावशीने फादरांकडे पाहिलं. फादर खिडकीबाहेर पाहत होते, आणि त्यांचे कान लाल झाले होते.

सगळी वरात चौकात आली. मावशीने आयुष्यात पहिल्यांदा त्या संगमरवरी थोट्या हातासमोर उभं राहून तोंड उघडलं. खरं म्हणजे तिला काही भीती नव्हती. शिडी तिच्या डोळ्यांसमोर फिरली होती. तरी तिने आधी पदर सारखा केला.

"बेचाळीसची गोष्ट मी रचली," ती म्हणाली. "आणि ठोकते ती मीच. ते गेले त्या दिवशी त्यांनी चाव्या वाजवून मला बोलावलं. मी 'आलेच' म्हणाले आणि इथेच, या चौकापाशी, गप्पा मारत उभी राहिले. वीस मिनिटं. पोचले तेव्हा ते नव्हते." तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. "म्हणून रोज जाऊन सांगते, आलेच हं, विसरले नाही. मला दुसरं काही नको. मला त्यांच्या शेजारी जायचंय. एवढं एकदा तरी वेळेवर पोचायचंय."

सगळ्यांनी देवदूताच्या हाताकडे पाहिलं. उरलेली चार बोटं जागच्या जागी होती. मास्तरांनी ती मोजलीसुद्धा.

"खरं आहे हो," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. बेकरीवाली तर हुंदके देऊन रडायला लागली. मावशीला वाटलं, आता या देवदूताचंही सांगून टाकावं, एकदाचं ओझं उतरेल. तिने तोंड उघडलं. समोर फादर उभे होते. ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत पाणी, रडण्याचं की हसण्याचं कोण जाणे. नवीन गोष्ट रचायची नाही एवढीच अट होती. ही तर जुनी. मावशीने तोंड मिटलं.

नियमाचा प्रश्न मात्र राहिला होता. जागा राखून ठेवता येत नाही, मास्तर म्हणाले, आणि जागेत दोष नाही म्हटल्यावर पुढचा जो जाईल त्याची ती. तेव्हा बेकरीवालीने डोळे पुसले आणि कमरेवर हात ठेवले. "रोज संध्याकाळी तासभर ही बाई तिथे बडबडणार. तिच्या पायाखाली जाऊन झोपायचंय कुणाला? तुम्हाला, मास्तर?"

मास्तरांनी थोडा विचार केला आणि वहीत बेचाळीस नंबरपुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'इतर कुणालाही नको.' फादरांनी टेप काढली आणि टाकीसाठी फाटकाजवळची जागा मोजायला घेतली.

त्या संध्याकाळी मावशी डबा घेऊन मागच्या भिंतीशी गेली. टक टक टक.

"ऐकलंत का? झालं काम. एवढा तमाशा झाला, तुम्ही असतात तर पळून गेला असतात." मग तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं, कोण काय म्हणालं ते आवाज काढून. भिंतीपलीकडे चपलांचा आवाज आला आणि थांबला.

"मावशी?" बेकरीवालीचा दबका आवाज. "तुम्हीच ना?"

"मीच गं बाई! दुसरं कोण?"

"नाही, विचारलेलं बरं," असं म्हणून ती गेली, जरा भराभरच.

अंधारून आलं. मावशी गुडघे धरून उठली, पदराने दगडावरची धूळ पुसली आणि म्हणाली, "आलेच हं."

मग तिला नळ आठवला, वायसर आठवला, उद्या टाकीवाले येणार ते आठवलं. त्या गवंड्याला नवरीची गोष्ट अजून कुणी सांगितली नव्हती. आणि ती तर जुनीच होती.

"म्हणजे थोडा वेळ लागेल," मावशी म्हणाली. "पण आलेच."